ठाण्यातील पहिला कागद आणि न्यायालयातील शेवटची शिक्षा

भारतातील फौजदारी न्यायाची सार्वजनिक चर्चा बहुधा शेवटच्या टोकापासून सुरू होते. फाशी असावी की नसावी, जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षे, अमुक आरोपीला इतकी कमी शिक्षा का झाली, या प्रश्नांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि सभा गाजतात. परंतु ज्या कागदांच्या आधारे न्यायाधीश शिक्षा सुनावतो, ते बहुतेक सगळे कागद घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत पोलीस ठाण्यात लिहिले गेलेले असतात, आणि ते लिहिले जात असताना तिथे न्यायाधीश नसतो व बहुतेक वेळा आरोपीचा वकीलही नसतो. शिक्षा न्यायालयात सुनावली जात असली तरी तिची घडण ठाण्यात होते. म्हणून न्यायाची खरी राखण पहिल्या चोवीस तासांत व्हायला हवी, आणि ज्या माणसाची भाषा ठाण्यातल्या कागदाची भाषा नाही त्याच्या बाबतीत ही गरज कितीतरी पटीने वाढते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

सुरंगी हे गाव ज्या दादरा व नगर हवेलीत आहे, त्या प्रदेशात हा विचार मांडण्याला वेगळे कारण आहे. या भूमीने कायद्याच्या तीन राजवटी पाहिल्या. 1954 च्या जुलैअखेर व ऑगस्टच्या आरंभी दादरा, नरोली आणि सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. विश्वनाथ लवंदे, सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासारखी मराठी माणसे त्या लढ्यात होती. त्यानंतर 1961 पर्यंत वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला आणि 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर विलीन झाला. भारतीय दंड संहितेसह अनेक केंद्रीय कायदे 1963 च्या एका विनियमाने, म्हणजे केंद्रशासित प्रदेशासाठी राष्ट्रपतींनी केलेल्या कायद्याने, येथे लागू करण्यात आले. 26 जानेवारी 2020 पासून दमण व दीव आणि हा प्रदेश मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे, तरी येथील खटल्यांचे अपील पूर्वीप्रमाणेच मुंबई उच्च न्यायालयाकडे जाते. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी या समाजांच्या घरांत बोलली जाणारी बोली, कचेरीत चालणारी गुजराती व हिंदी, आणि वरच्या न्यायालयाची इंग्रजी, अशा पायऱ्या चढत एखाद्या शेतमजुराचे तोंडचे वाक्य निकालपत्रापर्यंत पोहोचते. शेजारच्या तलासरी, जव्हार, मोखाड्यातही मराठी कागदाच्या बाबतीत हेच घडते, कारण प्रमाण मराठी आणि वारली यांतले अंतर लिहिणाऱ्याला वाटते त्यापेक्षा मोठे असते.

या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे प्रथम खबर. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशावाचून तपास व अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती ठाण्यात मिळताच तिची नोंद करणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यात दोन गोष्टी घातल्या. कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, खबर देता येते. आणि तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी आधी करता येते. पहिली तरतूद सीमेवरच्या प्रदेशाला फार मोलाची आहे, कारण येथे एका दिवसाच्या मजुरीत माणूस दोन राज्यांच्या हद्दी ओलांडतो आणि गुन्हा नेमका कोणत्या ठाण्याचा या वादात पूर्वी दिवसच्या दिवस गेले आहेत. दुसरी तरतूद मात्र काळजी करायला लावते, कारण ते चौदा दिवस गरीब फिर्यादीवर दबाव आणण्यासाठीही पुरेसे असतात.

खबरीचा मजकूर फिर्यादीला वाचून दाखवायचा, त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि त्याला एक प्रत विनामूल्य द्यायची, असे कायदा सांगतो. खटला उभा राहिल्यावर बचावाचा वकील याच कागदावर सगळ्यात आधी बोट ठेवतो. खबरीत अमुक नाव नाही, अमुक हत्यार नाही, अमुक वेळ वेगळी आहे, म्हणून नंतरचा जबाब ही पश्चातबुद्धी आहे असा युक्तिवाद होतो आणि पुष्कळदा तो मान्यही होतो. त्यामुळे ठाणे अंमलदाराने आपल्या सोयीच्या भाषेत गोळाबेरीज करून लिहिलेला मजकूर फिर्यादीचा न्याय बुडवू शकतो आणि निरपराध माणसाच्या गळ्यात गुन्हाही बांधू शकतो. याची दोन्ही बाजूंची उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत.

त्यांतले पहिले फिर्यादीच्या बाजूचे. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आजच्या गडचिरोलीतील, देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत याला महत्त्व देऊन, पुन्हा सोडून दिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना 1979 मध्ये खुले पत्र लिहून विचारले की, रात्रीच्या वेळी ठाण्यात बोलावलेली गरीब आदिवासी मुलगी गप्प राहिली म्हणजे तिची संमती होती असे कसे मानता येईल. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र व अधिक गंभीर गुन्हा ठरला आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास ती नव्हतीच असे न्यायालयाने धरून चालावे, असा नियम पुराव्याच्या कायद्यात आला. ठाण्याच्या भिंतीआड जे घडते त्याचे मोजमाप बाहेरच्या जगातल्या वागण्याच्या कसोट्यांनी करता येत नाही, हे तत्त्व या प्रदेशाच्या शेजारच्या भूमीतून देशाला मिळाले.

अटकेविषयी कायदा आता बराच स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने तीन गोष्टींची हमी दिली आहे: अटकेचे कारण सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे. डी. के. बसू प्रकरणात 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकरा आवश्यक गोष्टी ठरवून दिल्या; अटकेचा पंचनामा, त्यावर कुटुंबातील किंवा गावातील प्रतिष्ठिताची साक्ष, नातलगाला कळवणे, शरीरावरील जखमांची नोंद, वैद्यकीय तपासणी अशा त्या गोष्टी पुढे कायद्यातच आल्या. 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा सरसकट नियम असू शकत नाही, पोलिसांनी अटकेची गरज कागदावर मांडली पाहिजे आणि दंडाधिकाऱ्याने ती तपासली पाहिजे, असे बजावले. अशा गुन्ह्यांत आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते.

या सर्वांपेक्षा सुरंगीसारख्या गावाला जवळचा निकाल 6 नोव्हेंबर 2025 चा आहे. मुंबईतील वरळीच्या मोटार अपघाताच्या खटल्यातून उद्भवलेल्या प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी असे ठरवले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत. त्या क्षणी लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगून दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी दिली पाहिजेत. आणि तसे न झाल्यास ती अटक व त्यावर आधारलेली कोठडी बेकायदेशीर ठरेल. आजवर अटकेच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या माणसाला तो कागद काय म्हणतो हे कळते का, असा प्रश्न गांभीर्याने फारसे कोणी विचारत नव्हते. मात्र वारली बोलणाऱ्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला देवनागरीतील किंवा गुजराती लिपीतील छापील तक्ता हाती दिला म्हणजे निकालाचे पालन झाले, अशी समजूत झाली तर त्या निकालातून काहीच साधणार नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवणे, आणि वाचून दाखवणारा माणूस तपास अधिकाऱ्याच्या हाताखालचा नसणे, हा त्या निकालाचा आत्मा मानला पाहिजे.

अटकेनंतर आरोपी पोलीस कोठडीत जातो किंवा न्यायालयीन कोठडीत. पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात ठेवणे आणि न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंगात ठेवणे. पोलीस कोठडीची कमाल मर्यादा पंधरा दिवसांची आहे. जुन्या रूढ अर्थानुसार ते दिवस पहिल्या पंधरवड्यातच घ्यावे लागत, नव्या संहितेने ते गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतील अशी मुभा दिली आहे. या बदलाचे समर्थन तपासाच्या सोयीने केले जाते, परंतु तुरुंगात गेलेल्या माणसाला महिनाभराने पुन्हा ठाण्यात परत येण्याची भीती दाखवता येणे ही तपासाची सोय नसून दबावाची सोय आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा 1872 च्या पुरावा कायद्याचा नियम त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. इंग्रज राज्यकर्त्यांना आपले पोलीस कबुली कशी मिळवतात हे ठाऊक होते म्हणून तो नियम आला. त्याला एकच मोठी वाट ठेवली आहे: आरोपीने दिलेल्या माहितीमुळे काही वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो. प्रिव्ही कौन्सिलने 1946 च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालात या वाटेची रुंदी नेमकी आखून दिली होती. व्यवहारात मात्र बहुतेक खून खटल्यांत याच वाटेने जप्तीचे पंचनामे येतात. आरोपीने स्वखुशीने कोयता काढून दिला, रक्ताचे कपडे काढून दिले, असे निवेदन लिहिले जाते आणि खाली दोन पंचांच्या सह्या असतात. पंच म्हणजे पोलिसांशी संबंध नसलेले, परिसरातील साक्षीदार असावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तीच दोन माणसे अनेक खटल्यांत पंच म्हणून दिसतात आणि न्यायालयात उलटतपासणीत मजकूर आपल्याला ठाऊक नाही, सही ठाण्यात केली, असे सांगून फितूर होतात. नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे केले आहे आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असेही म्हटले आहे. चित्रणाची सक्ती ही या नव्या कायद्यातील सर्वांत स्वागतार्ह तरतूद होय, कारण चित्रणात आरोपी कोणत्या भाषेत बोलला, तो स्वतःहून चालत गेला की त्याला वाट दाखवली गेली, हे पुढच्या न्यायाधीशाला डोळ्यांनी पाहता येईल.

ठाण्यातला कागद चुकला किंवा चुकवला, तर शिक्षेच्या टोकाला काय घडते याचे महाराष्ट्रातील सर्वांत दारुण उदाहरण नाशिकचे आहे. 5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ शेतातील झोपडीत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. पाच जण मारले गेले आणि त्यांत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचारही झाला. जखमी होऊन वाचलेल्या आईने दोनच दिवसांनी पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार माणसे ओळखली आणि ती ओळख कागदावर नोंदलीही गेली. पुढे त्या चौघांचा तपास झाला नाही. भटक्या जमातींतील सहा वेगळेच मजूर पकडले गेले, त्यांची ओळख परेड झाली आणि खटला त्यांच्यावर चालला. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. आणि 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून सहाही जणांना फाशीच ठोठावली.

शिक्षेच्या विचाराचा एक मोठा दोष या टप्प्यावर उघडा पडतो. 9 मे 1980 च्या बच्चन सिंग निकालात घटनापीठाने सांगितले होते की, जन्मठेप हा नियम आणि फाशी हा विरळातील विरळ अपवाद आहे, व शिक्षा ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही, म्हणजे त्याचे वय, दारिद्र्य, सुधारण्याची शक्यता यांकडेही, पाहिले पाहिजे. त्यासाठीच 1973 च्या फौजदारी संहितेने दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याची तरतूद आणली होती. नाशिकच्या निकालात मात्र केवळ गुन्ह्याच्या क्रौर्याकडे पाहणाऱ्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला गेला, आणि दोनच आठवड्यांनी, 13 मे 2009 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने तो जुना निकाल बच्चन सिंगच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. 2012 मध्ये चौदा माजी न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या कैद्यांची शिक्षा बदलावी अशी विनंती केली, तेव्हा या सहा जणांचा त्यांत समावेश होता. त्यांच्यातील एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे पुढे मान्य झाले; म्हणजे ज्याचे प्रकरण बालन्यायाच्या कायद्याखाली जायला हवे होते तो मुलगा फाशीच्या कोठडीत वाढला. अटकेच्या दिवशी वयाचा दाखला कोणी शोधला असता तर हे टळले असते, इतकी ती साधी गोष्ट होती.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला 2009 चा निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली आणि 5 मार्च 2019 रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर व शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. आईने आधी ओळखलेल्या चौघांविषयीचा जबाब अभियोग पक्षाने दडवल्याचे, तपास न्याय्य व प्रामाणिक नसल्याचे आणि हे लोक समाजाच्या तळातील भटक्या जमातींचे असल्यामुळे त्यांना गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नसल्याचे न्यायालयाने नमूद केले. राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, दोषी तपास अधिकाऱ्यांवर खात्याची कारवाई व्हावी आणि त्या चौघांविरुद्ध पुढील तपास व्हावा, असे आदेश झाले. तोपर्यंत जवळजवळ सोळा वर्षे उलटली होती. मारल्या गेलेल्या पाच जणांच्या कुटुंबालाही त्या सोळा वर्षांत न्याय मिळाला नव्हता, ही गोष्ट या प्रकरणाच्या चर्चेत फारच क्वचित बोलली जाते.

संशयाची बोटे भटक्या जमातींकडेच का वळतात याचे मूळ 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्याने घडवलेली नजर ठाण्यात टिकून राहिली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमांतील जातीवर आधारलेली कामांची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये याची दक्षता घेण्यास पोलिसांना सांगितले.

खटला सुरू झाल्यावरची भाषेची तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे. साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत उघड न्यायालयात सांगितली पाहिजे, असे जुनी संहिता सांगत होती आणि नवीही सांगते. पुराव्यानंतर न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारून त्याचे म्हणणे नोंदवतो. आरोपीला स्वतःच्या तोंडाने बोलण्याची खटल्यातील ती बहुधा एकमेव वेळ असते. त्या प्रश्नांना ‘माहीत नाही’, ‘खोटे आहे’ अशी दोन शब्दांची उत्तरे पडतात, तेव्हा त्यामागे नकार असतो की न समजणे असते, हे निकालपत्रावरून कळू शकत नाही. न्यायालयांत वारली किंवा कोकणा बोलीच्या दुभाषांची कायम यादी असणे हा म्हणूनच खटल्याच्या वैधतेचा प्रश्न आहे.

शिक्षा होण्यापूर्वीच भोगली जाणारी शिक्षा आकड्यांतून दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांतील 4,34,302, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही तो. यांतील पुष्कळांना जामीन मंजूर झालेला असतो, पण सातबारा असलेला जामीनदार मिळत नाही. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 31 जानेवारी 2023 चा निर्देश आहे. आणि नव्या संहितेत पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असल्यास, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, जामिनाची तरतूद आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, तिच्या उत्पन्नाचा विचार न करता, मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. तो वकील आरोप निश्चितीच्या दिवशी मिळण्याऐवजी अटकेच्या रात्री मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी पॅनेलवरील वकिलांची ठाणेनिहाय पाळी लावणे हे प्राधिकरणाच्या आवाक्यातले काम आहे.

दोष सिद्ध झाल्यावर कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. निर्दोष सुटलेल्या माणसाचे दिवस मात्र कशातूनच वजा होत नाहीत. विनाकारण अटक झालेल्याला दंडाधिकारी देऊ शकेल अशी भरपाई जुन्या संहितेत कमाल एक हजार रुपये होती आणि नव्या संहितेतही ती तितकीच आहे. शिवाय ती पोलिसांनी नव्हे, तर पुरेसे कारण नसताना त्यांच्याकरवी अटक घडवून आणणाऱ्याने द्यायची असते. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यात भरडल्या गेलेल्यांसाठी खास न्यायालये, ठरावीक मुदतीत भरपाई आणि पुनर्वसन यांचा स्वतंत्र कायदेशीर हक्क सुचवला होता. पाच वर्षांनी संपूर्ण फौजदारी कायदा नव्याने लिहिला गेला, परंतु त्या अहवालातील ही शिफारस त्यात आली नाही. ती स्वतंत्र दुरुस्तीने आणण्यास संसदेला आजही कोणतीच अडचण नाही, आणि तोवर नाशिकच्या सहा जणांप्रमाणे सुटलेल्या प्रत्येकाची भरपाई ज्या पीठापुढे त्याचे प्रकरण जाईल त्या पीठाच्या मर्जीवर अवलंबून आहे.